देवदूतांचे नऊ गण बायबलमध्ये नक्की कुठे आहेत?

वसईवाली:
नमस्कार, बरेच दिवस हा विषय डोक्यात आहे म्हणून धागा काढतेय. इथे कॅथलिक आहेत, प्रोटेस्टंट आहेत, ख्रिस्ती नसलेले पण भरपूर वाचणारे आहेत, सगळ्यांनीच लिहा. मी आमच्या पॅरिशमध्ये धर्मशिक्षणाला आठवी-नववीच्या मुलांना शिकवते. २९ सप्टेंबरला मायकल, गॅब्रिएल, राफाएल या तीन महादूतांचा सण आणि लगेच २ ऑक्टोबरला रक्षक दूतांचा, त्यामुळे त्या सुमारास एक तास देवदूतांवर होतोच. आमच्याकडे पूर्वीपासून चालत आलेला एक तक्ता आहे. वरून खाली सेराफिम, करूबीम, राजासने, मग स्वामित्वे, सामर्थ्ये, अधिकार, मग सत्ता, महादूत आणि सगळ्यात खाली साधे देवदूत. तिघातिघांचे तीन गट. मुलं पटकन पाठ करतात. यावर्षी एका मुलीने सरळ विचारलं, टीचर हे कुठल्या पुस्तकात कितव्या अध्यायात आहे ते सांगा ना, मला वहीत लिहायचंय.

मग मी शोधायला बसले. सेराफिम यशया ६ मध्ये, सहा पंखांचे, दोन पंखांनी तोंड झाकलेलं, दोनांनी पाय, दोनांनी उडतायत आणि पवित्र पवित्र पवित्र म्हणतायत. करूब तर पहिल्याच पुस्तकात, उत्पत्ती ३:२४, एदेन बागेच्या वाटेवर पहाऱ्याला. राजासने, स्वामित्वे, सत्ता, अधिकार हे चार कलस्सैकरांस पत्र १:१६ मध्ये एकाच वचनात. इफिसकरांस १:२१ मध्ये पण चार आहेत पण तिथे राजासने नाहीत आणि सामर्थ्य जास्तीचं आहे. म्हणजे दोन्ही पत्रांतले मिळून पाच झाले. महादूत १ थेस्सलनीका ४:१६ आणि यहूदाचं पत्र वचन ९, नव्या करारात बस एवढ्या दोनच ठिकाणी. आणि देवदूत तर पानोपानी.

म्हणजे नऊच्या नऊ नावं मिळाली, पण नऊ एकत्र कुठेच नाहीत. कोण कोणाच्या वर हे तर अजिबातच कुठे लिहिलेलं नाही. मग हा क्रम आला कुठून आणि मी मुलांना हे बायबलमध्ये आहे असं सांगावं का?

नगरचा_शास्त्रपाठी:
ताई चांगला विषय काढलात आणि शोध पण नीट घेतलात. मी प्रोटेस्टंट मंडळीतला आहे, आमच्याकडे हा तक्ता शिकवत नाहीत त्यामुळे माझं मत थोडं वेगळं पडेल, राग मानू नका.

माझं म्हणणं असं आहे की पौल ती नावं कशासाठी घेतो ते आधी बघा. कलस्सैची माणसं देवदूतांच्या पूजेच्या नादी लागत होती, २:१८ मध्ये तो स्पष्ट लिहितो. अशा लोकांना तो सांगतोय की राजासने असोत, स्वामित्वे असोत, सत्ता असोत, जे काय वर अदृश्य असेल ते सगळं ख्रिस्ताच्या द्वारे आणि ख्रिस्तासाठी निर्माण झालंय. आपण नाही का म्हणत, तलाठी असो, तहसीलदार असो, कलेक्टर असो, कायद्यापुढे सगळे सारखे, त्यात आपल्याला कोणाचं पद कितवं ते सांगायचं नसतं, कोणीच सुटत नाही एवढंच सांगायचं असतं. क्रम पण बघा, कलस्सैत स्वामित्वे दुसऱ्या नंबरवर आहेत आणि इफिसकरांत तेच शेवटी. पौलाला पायऱ्या सांगायच्या असत्या तर दोन पत्रांत एवढी उलटापालट त्याने केली नसती. रोमकरांस ८:३८ मध्ये तिसराच संच आणि १ पेत्र ३:२२ मध्ये चौथा.

आणि अजून एक, ज्या सत्ता आणि अधिकार तुमच्या तक्त्यात चांगले देवदूत आहेत त्यांच्याशीच आपलं झगडणं आहे असं इफिसकरांस ६:१२ म्हणतं. कलस्सै २:१५ मध्ये ख्रिस्त त्यांना नाडून त्यांचं उघड प्रदर्शन करतो. मग हे गण चांगले की वाईट? इब्री १:१४ मला पुरेसं वाटतं, ते सगळे सेवा करणारे आत्मे आहेत, तारणाचे वारस होणाऱ्यांसाठी पाठवलेले. सगळे म्हटलंय, काही नाही.

पानगळ:
मी ख्रिस्ती नाही, ग्रीक तत्त्वज्ञान वाचता वाचता या विषयावर पोचलो. क्रम कुठून आला याचं उत्तर बऱ्यापैकी ठाम देता येतं. इसवी सन ५०० च्या आसपास, बहुतेक सिरियात, ग्रीक भाषेत देवदूतांच्या श्रेणींवर एक लहानसं पुस्तक लिहिलं गेलं. लेखकाने स्वतःचं नाव दियोनुस्य असं लावलं, म्हणजे प्रेषितांची कृत्ये १७:३४ मध्ये अथेन्सला पौलाचं भाषण ऐकून ज्याने विश्वास ठेवला तो अरीयपगकर. साक्षात पौलाचा शिष्य बोलतोय म्हटल्यावर वजन केवढं आलं असेल विचार करा. ५३२ साली कॉन्स्टँटिनोपलच्या एका चर्चासभेत एका बाजूने हे ग्रंथ पुरावा म्हणून पुढे केले तेव्हा इफिसचा बिशप हिपातियस याने लगेच विचारलं होतं की हे एवढे जुने असतील तर आधीच्या आचार्यांनी यांचा कुठेच उल्लेख कसा केला नाही. पण हळूहळू शंका मागे पडली आणि पूर्व-पश्चिम दोन्हीकडे हजारेक वर्षं हे ग्रंथ जवळजवळ शास्त्राच्या खालोखाल मानले गेले.

पंधराव्या शतकात लोरेन्झो व्हाल्लाने परत शंका काढली, पुढे इरॅस्मसने ती छापून पसरवली. शेवटचा निकाल १८९५ साली लागला, ह्यूगो कोख आणि योसेफ श्टिग्लमायर या दोन जर्मन अभ्यासकांनी स्वतंत्रपणे दाखवून दिलं की यातला मजकूर प्रोक्लसवरून घेतलाय. प्रोक्लस हा अथेन्सचा नवप्लेटोवादी, म्हणजे प्लेटोचे विचार पुढे नेणारा तत्त्वज्ञ, वारला ४८५ साली. आता तीन-तीनचे गट का ते कळेल, प्रोक्लसच्या विचारात सगळं विश्वच त्रिकुटांमध्ये रचलेलं आहे आणि वरचा प्रकाश मधल्यातून खालच्यापर्यंत झिरपत येतो. दियोनुस्याने हा सांगाडा घेतला आणि त्यात बायबलमधली नावं बसवली.

पण मला त्याच्याबद्दल एक गोष्ट फार प्रामाणिक वाटते. सहाव्या प्रकरणात तो स्वतःच म्हणतो की नऊ नावं शास्त्राने दिली आणि त्यांचे तीन गट माझ्या गुरूने पाडले. म्हणजे वसईवाली ताई तुम्हाला जे आढळलं तेच मूळ लेखकाने लिहून ठेवलंय, पुढे तक्ता करणाऱ्यांनी ही दोन वाक्यं एकत्र करून टाकली.

वसईवाली:
पानगळ हे वाचून खूप बरं वाटलं, खरंच. नगरच्या दादांचं पण पटतंय पण पूर्ण नाही. सगळे सेवा करणारे आत्मे आहेत म्हणजे सगळे सारखेच असं कसं होईल? सेवा करणाऱ्यांत पण नेमून दिलेलं काम वेगवेगळं असतंच की.

आणि माझी खरी अडचण मायकलची आहे. तक्त्यात महादूत खालून दुसरे. प्रकटीकरण १२:७ मध्ये मात्र मायकल आणि त्याचे दूत अजगराशी लढतात, सगळ्या स्वर्गीय सैन्याचा तोच पुढारी. खालून दुसऱ्या पायरीवरचा सेनापती कसा? मुलं हे विचारणार म्हणजे विचारणारच. आमच्याकडे माहीमचं सेंट मायकल, गोव्यात हणजुणेचं सेंट मायकल, सगळीकडे तलवार घेऊन सैतानाला पायाखाली दाबलेला मायकल बघत ही पोरं मोठी झालीयेत.

सेमिनारीतले_दिवस:
मी काही वर्षं सेमिनारीत, म्हणजे धर्मगुरू होण्याच्या शिक्षणाला होतो, नंतर संसारात पडलो, पण हा विषय तेव्हा मन लावून शिकलो होतो म्हणून लिहितो, लांबेल थोडं.

मायकलबद्दल आधी. दानीएल १०:१३ मध्ये त्याला मुख्य अधिपतींपैकी एक म्हटलंय, १२:१ मध्ये तुझ्या लोकांचा कैवारी मोठा अधिपती. त्याच दहाव्या अध्यायात पारसाचा अधिपती आहे, ग्रीसचा अधिपती येणार आहे, म्हणजे एकेका राष्ट्रामागे एकेक दूत अशी कल्पना दिसते. आता मुख्य अधिपतींपैकी एक असं म्हटलं की मुख्य नसलेले पण असणार हे ओघाने आलंच. गॅब्रिएल लूक १:१९ मध्ये जखऱ्याला स्वतःची ओळख देताना सांगतो मी देवासमोर उभा राहणारा. तोबीतच्या पुस्तकात १२:१५ ला राफाएल म्हणतो मी प्रभूच्या सन्मुख उभ्या असलेल्या सात दूतांपैकी एक. प्रकटीकरण ८:२ मध्ये परत देवासमोर उभे असलेले सात दूत. यहोशवा ५ मध्ये परमेश्वराच्या सैन्याचा सेनापती उघडी तलवार घेऊन भेटतो. म्हणून देवदूतांमध्ये काहीतरी उतरंड आहे, काही पुढारी आहेत, हे शास्त्रात नाही असं मला म्हणता येणार नाही. नगरच्या दादांनी हा भाग सोडून दिला असं वाटलं. माझ्या मते शास्त्रात दर्जे आहेत, दर्जांची यादी नाही, आणि ही दोन वेगळी विधानं आहेत.

आता या यादीतून ज्या अडचणी निघतात त्यांतल्या एकीशी दियोनुस्य स्वतः झगडलाय. त्याचा नियम असा की वरचे गण माणसापर्यंत थेट येत नाहीत, प्रकाश पायरी-पायरीने खाली येतो. आणि यशया ६:६ मध्ये तर सर्वात वरच्या गणातला सेराफ वेदीवरचा जळता निखारा चिमट्यात धरून थेट यशयाकडे उडत येतो आणि त्याच्या ओठांना लावतो! यासाठी त्याला तेरावं अख्खं प्रकरण लिहावं लागलं. एक उत्तर असं देतो की आला तो साधाच दूत, पण काम शुद्ध करण्याचं म्हणून त्याला सेराफाचं नाव मिळालं. दुसरं असं की दूताने आपल्या कामाचं श्रेय वरच्या सेराफाला दिलं. मला विचाराल तर दोन्ही उत्तरं ओढूनताणून आहेत, वचनात सेराफ आला असं लिहिलंय तर सेराफ आला.

नगरचा_शास्त्रपाठी:
दानीएलचं मान्य, यहूदा ९ मध्ये मीखाएलाला, म्हणजे तुमच्या मायकलला, आद्यदेवदूत म्हणजेच महादूत म्हटलंय तेही मान्य, मी कधी नाकारलं नाही. तोबीत आमच्या पवित्र शास्त्रात नाही त्यामुळे राफाएलचा मुद्दा आमच्यासाठी गळतो, आणि पवित्र शास्त्रात नाव घेऊन आलेले दूत आमच्या हिशोबाने दोनच, मीखाएल आणि गब्रीएल. बाकी पानगळ यांनी प्रोक्लसचं जे सांगितलं ते वाचून प्रोटेस्टंट सुधारणा सुरू करणारा ल्यूथर आठवला, १५२० सालीच त्याने लिहिलं होतं की हा दियोनुस्य ख्रिस्ती कमी आणि प्लेटोचा जास्त आहे, म्हणजे १८९५ च्या पावणेचारशे वर्षं आधी. दुसरा सुधारक काल्व्हिन, त्याने पण म्हटलंय की लिखाण चतुर आहे पण बरंचसं नुसतं बोलणं आहे, वाचताना वाटावं हा माणूस स्वर्गातून उतरून डोळ्यांनी पाहिलेलं सांगतोय, उलट पौल तिसऱ्या स्वर्गापर्यंत जाऊन आला तरी गप्प राहिला. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. जो खरोखर वर जाऊन आला तो सांगत नाही तर आपण का सांगावं.

ओसरीवरून:
मी फक्त वाचत होते पण एक विचारू का? हे करूबीम आणि सेराफिम दोन वेगळे गण म्हणताय, मग प्रकटीकरण ४ मधले चार प्राणी कोण? त्यांना सहा पंख आहेत आणि ते रात्रंदिवस पवित्र पवित्र पवित्र म्हणतात म्हणजे यशयाचे सेराफ झाले. पण त्यांची तोंडं सिंह, बैल, माणूस, गरुड आणि अंगभर डोळे, हे तर यहेज्केलाच्या पहिल्या अध्यायातलं झालं आणि दहाव्यात यहेज्केल सांगतो ते करूब होते. योहानाने दोन्ही एकत्रच करून टाकलेत ना? मग वरच्या दोन पायऱ्यांची एकच झाली.

आणि ते करूब म्हणजे केकवर असतात तसे गुबगुबीत बाळ नव्हेत हे मुलांना नक्की सांगा ताई. १ राजे ६ मध्ये शलमोनाच्या मंदिरातले दोन करूब दहा-दहा हात उंच, जैतुनाच्या लाकडाचे, सोन्याने मढवलेले, पंख या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. निर्गम २५ मध्ये कराराच्या कोशाच्या, म्हणजे दहा आज्ञांच्या पाट्या ठेवायच्या पेटीच्या, झाकणावर समोरासमोर दोन. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात निमरूदची असिरियन शिल्पं आहेत ती मुलांना दाखवायला न्या, त्या काळी त्या भागात राजवाड्यात आणि मंदिरात पंखवाले रक्षक कसे कोरत ते बघून यहेज्केल एकदम जवळचा वाटायला लागतो, तो बाबिलोनच्या बंदिवासातच होता.

सेमिनारीतले_दिवस:
ओसरीवरून, तुमचा मुद्दा अगदी पक्का आहे. योहान दर्शन लिहितोय, त्याच्या डोळ्यासमोर वर्गवारी नाहीये.

मायकलबद्दलचं राहिलं होतं. पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या दोन्ही परंपरांत त्याला सगळ्या सैन्याचा पुढारी म्हणतात, ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये ८ नोव्हेंबरचा सणच मायकल आणि सगळ्या स्वर्गीय सैन्याचा आहे. त्यामुळे बऱ्याच लोकांनी महादूत हा शब्द दोन अर्थाने घ्यायचा असं सुचवलं, एक खालून दुसरा गण आणि एक सगळ्यांचा प्रमुख. शास्त्र हा त्रास आपल्याला देतच नाही, तिथे मायकल फक्त मोठा आहे, कितवा ते नाही. पायरीचा नंबर लावला की मग हा प्रश्न जन्माला येतो.

मस्कतहून:
सगळे दियोनुस्यावरच अडकलात, त्याच्या आधीचं पण बघायला हवं, नाहीतर एका खोट्या नावाच्या पुस्तकाने सगळ्या चर्चला फसवलं असा समज होईल आणि तो अन्याय होईल. इग्नाशियस अंत्युखियाचा, दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा हुतात्मा, रोमला नेत असताना वाटेतून पत्रं लिहितो, त्रल्लैच्या मंडळीला म्हणतो मला स्वर्गातल्या गोष्टी, देवदूतांच्या जागा, सत्तांच्या सभा समजतात, पण तुम्हाला सांगितलं तर झेपणार नाही. म्हणजे विषय तेव्हाही होता. आणि चौथ्या शतकातलं येरुशलेम, तिथे सिरिलच्या नावाने जी प्रवचनं आहेत नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठी, त्यात मिस्सेतली, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेतली, प्रार्थना समजावताना तो ओळीने नावं घेतो, देवदूत, महादूत, सामर्थ्ये, स्वामित्वे, सत्ता, अधिकार, राजासने, अनेक तोंडांचे करूबीम, आणि यशयाने पाहिलेले सेराफिम. मोजा, बरोबर नऊ. दियोनुस्याच्या शंभरेक वर्षं आधी. आणि तो लगेच पुढे सांगतो की हे सगळं आपण घेतो कारण त्यांच्याबरोबर आपणही पवित्र पवित्र पवित्र गाणार आहोत.

माझ्यासाठी हे सगळ्यात मोठं आहे. नऊ नावं आधी प्रार्थनेत आली, गाण्यात आली. तिथे नंबर नव्हते, सगळे मिळून एक गाणं म्हणतायत आणि खालून आपण त्यात सामील होतोय एवढंच होतं. आजही मिस्सेत पवित्र गाण्याच्या आधी जी प्रार्थना होते तिच्या शेवटी देवदूत, महादूत, राजासने, स्वामित्वे येतात ती तिथूनच. नगरच्या दादांना पौल नावं का घेतो ते महत्त्वाचं वाटतं, तसंच चर्च ती का घेतं ते पण बघायला हवं ना.

अजून जुनं म्हणजे हनोखचं पुस्तक. माझ्यासोबत काम करणारा एकजण इथिओपियन ऑर्थोडॉक्स आहे, त्यांच्या बायबलमध्ये हे पुस्तक आहे. त्याच्या ६१ व्या अध्यायात करूबीम, सेराफिम, ओफनीम (चाकांच्या रूपातले दूत), सामर्थ्याचे दूत, सत्तांचे दूत असे एकत्र येतात. आणि यहूदाच्या पत्रात १४-१५ वचनात हनोखमधलं सरळ उद्धृत केलंय, तेव्हा पहिल्या पिढ्यांना ते पुस्तक चांगलंच माहीत होतं.

पानगळ:
मस्कतहून, सिरिलचा मुद्दा फार मोलाचा आहे, मी त्या बाजूने विचार केला नव्हता. त्यालाच जोडून, पश्चिमेत पोप ग्रेगरी पहिला, ५९१ च्या सुमारास एका प्रवचनात तो अगदी वसईवाली ताईंसारखीच बेरीज करतो, इफिसकरांतले चार, कलस्सैतलं राजासन मिळवून पाच, वर देवदूत आणि महादूत, वर करूबीम आणि सेराफिम, झाले नऊ. पण त्याच्या क्रमात सत्ता आणि सामर्थ्ये यांची अदलाबदल आहे. दोन मोठी माणसं, दोन क्रम. दान्तेने आपल्या महाकाव्याच्या स्वर्गखंडात २८ व्या सर्गात दाखवलंय की ग्रेगरीने स्वर्गात डोळे उघडले तेव्हा तो स्वतःलाच हसला, म्हणजे दान्तेच्या मते दियोनुस्य बरोबर होता, कारण त्याला पौलाने सांगितलं होतं. तेराव्या शतकातला धर्मपंडित थॉमस अक्विनास, त्याने दोन्ही क्रमांना शास्त्राचा आधार शोधून दिला, दियोनुस्याचा इफिसकरांतून आणि ग्रेगरीचा कलस्सैतून. एकाच शास्त्रातून दोन क्रम निघत असतील तर शास्त्रात क्रम आहे असं म्हणणं कठीणच.

आणि या सगळ्यांच्या आधी ऑगस्टिन, चौथ्या-पाचव्या शतकातला, त्याने कलस्सैच्या या चार नावांबद्दल सरळ लिहिलंय की यांच्यात आपसात फरक काय ते ज्यांना सांगता येईल त्यांनी सांगावं, मात्र सिद्ध करून दाखवावं, मला तर ठाऊक नाही. एवढा मोठा विद्वान.

हिरवी_वेल:
धागा छान चाललाय. थोडं बाजूला जाऊन विचारते. मी हिंदू आहे, मध्यंतरी घरात आजारपण होतं तेव्हा एका ताईंकडे एंजल कार्ड काढायला जायचे, त्या उरिएल, चामुएल, झाडकिएल अशी बरीच नावं सांगायच्या, अमक्या कामाला अमका महादूत, ११११ दिसलं की हा अर्थ वगैरे. ही नावं बायबलमधली आहेत का?

सेमिनारीतले_दिवस:
हिरवी वेल, नाहीत. उरिएल हा हनोखमध्ये आणि एज्राच्या नावाच्या एका ग्रंथात आहे पण ते ना कॅथलिक बायबलमध्ये आहेत ना प्रोटेस्टंट. बाकीची नावं बरीच नंतरची. आणि हे काही आजचं खूळ नाही, ७४५ साली पोप झकारियसने रोमला भरवलेल्या परिषदेत आल्डेबर्ट नावाच्या एका फिरत्या धर्मोपदेशकाची प्रार्थना वाचली गेली, त्यात उरिएल, रगुएल, तुबुएल अशी नावं घेऊन दूतांना बोलावलं होतं. परिषदेने ठरवलं की आपल्याला नावं फक्त तीन माहीत आहेत, मायकल, गॅब्रिएल, राफाएल. व्हॅटिकनने २००१ मध्ये लोकभक्तीबद्दल जी मार्गदर्शिका काढली त्यातही तेच, या तिघांखेरीज देवदूतांना नावं देणं टाळावं. आजारपणात माणूस आधार शोधतोच, तुम्ही गेलात त्यात मला काही वावगं वाटत नाही, पण नावं आणि आकडे यांचा बायबलशी संबंध नाही हे स्पष्ट सांगायला हवं.

नगरचा_शास्त्रपाठी:
याला माझा शंभर टक्के पाठिंबा. म्हणूनच मी पहिल्यापासून कलस्सै २:१८ कडे बोट दाखवतोय. कलस्सै ज्या खोऱ्यात आहे त्याच खोऱ्यातलं लावदिकीया, आजच्या तुर्कस्तानात, तिथे चौथ्या शतकात परिषद झाली आणि तिच्या ३५ व्या नियमात देवदूतांची नावं घेऊन वेगळ्या सभा भरवायला बंदी घातली. पाचव्या शतकात थिओडोरेट नावाचा बिशप लिहितो की त्या भागात अजून मीखाएलाची देवळं आहेत. म्हणजे पौलाने पत्र लिहून चारशे वर्षं झाली तरी तिथली ओढ गेली नव्हती. प्रकटीकरण २२ मध्ये योहान देवदूताच्या पाया पडायला जातो तर दूत स्वतः सांगतो असं करू नको, मी तुझ्यासोबतचा दास आहे, देवाला नमन कर. मस्कतच्या भावाने सांगितलेली सिरिलची प्रार्थना मात्र मला आवडली, त्यात दूतांना हाक नाही, दूतांसोबत देवाला हाक आहे. अशी प्रार्थना आमच्या मंडळीतही कोणाला खटकणार नाही.

वसईवाली:
सगळ्यांचे मनापासून आभार. मी आता असं ठरवलंय. तक्ता भिंतीवरून काढणार नाही पण त्यावरचे एक ते नऊ आकडे काढून टाकणार. प्रत्येक नावापुढे वचन लिहिणार, म्हणजे त्या मुलीच्या वहीचं काम झालं. कलस्सै १:१६ पूर्ण वाचून घेणार, शेवटच्या शब्दांपर्यंत, कारण नुसती चार नावं उचलली की पौल काय म्हणत होता तेच हरवतं. आणि शेजारी वेगळ्या कागदावर, दियोनुस्य नावाच्या लेखकाने इसवी सन ५०० च्या सुमारास या नावांचे तीन गट लावले आणि चर्चने ते प्रेमाने जपले, असं. कॅथलिक चर्चचा १९९२ चा धर्मशिक्षण ग्रंथ उघडून बघितला, त्यात देवदूत आहेत हे श्रद्धेचं सत्य म्हणून ३२८ व्या परिच्छेदात आहे, नऊ गणांची यादी श्रद्धेचा भाग म्हणून नाही. तेव्हा मुलांना हे असं सांगण्यात मी काही वावगं करत नाहीये याची खात्री पटली.

एकच प्रश्न राहिला, तो पण एका मुलाचाच. माझा रक्षक दूत सगळ्यात खालच्या गणातला आहे का टीचर? तो असं विचारताना जरा हिरमुसला होता.

सेमिनारीतले_दिवस:
थॉमस अक्विनासचं उत्तर हो असं आहे, एकेका माणसाला सांभाळण्याचं काम सगळ्यात खालच्या गणाकडे असतं असं तो म्हणतो. पण त्या मुलाला मत्तय १८:१० वाचून दाखवा. येशू लहान मुलांबद्दल बोलतोय आणि सांगतोय की या लहानांतल्या एकालाही तुच्छ मानू नका, कारण स्वर्गात त्यांचे दूत माझ्या स्वर्गातल्या पित्याचं मुख सर्वदा पाहत असतात. गॅब्रिएलने जखऱ्याला अभिमानाने जे सांगितलं, देवासमोर उभा राहणारा, तीच जागा इथे त्या मुलाच्या दूताला दिलीये. आणि यशयाच्या सेराफांनी तर तोंड झाकून घेतलं होतं.